दोन्ही गंधारांतला पाऊस

सूर ऐकण्याआधी सुरांमागची गोष्ट ऐकावी की नाही, यावर माझा आणि माझ्या मामांचा जुना वाद आहे. मामांनी आयुष्यभर व्हायोलिन वाजवलं. मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पावलावर टेकवून त्यांनी नाट्यसंगीताला, भावगीतांना, ख्यालाला साथ केली. मी पुण्यात पियानो शिकले आणि आता शिकवते. माझं सगळं शिक्षण कागदावर लिहिलेल्या संगीतावर झालं. या आषाढात लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या घरी आमचा वाद पुन्हा पेटला. निमित्त झालं योहानेस ब्राम्सच्या पियानो आणि व्हायोलिनसाठीच्या पहिल्या सोनाटाचं. जी मेजर, ओपस ७८. १८७८ आणि १८७९ अशा दोन उन्हाळ्यांत ऑस्ट्रियातल्या वोर्थरझे सरोवराकाठी, प्योर्टशाख नावाच्या लहानशा गावी त्याने हा सोनाटा लिहिला. लोक त्याला ‘पावसाचा सोनाटा’ म्हणतात.

कुरवंड्यात पाऊस वेगळा कळतो. नागफणीच्या कड्याखाली कोकण आहे. ज्या कुरवंडे घाटाने मुघल सरदार कारतलबखान खाली उतरला आणि २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या कचाट्यात सापडला, त्याच घाटातून पावसाळ्यात ढग वर चढतात आणि थेट घरात शिरतात. या पट्ट्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. मामांच्या घरावर पत्रा आहे, त्यामुळे ऐकायचं ते सरींच्या मधल्या उघडिपीत. सोनाटाचा पहिला भाग संपला तेव्हा बाहेर धुकं होतं आणि पाऊस जरा थांबला होता.

मामा : तू आधीच नाव सांगून टाकलंस. पावसाचा सोनाटा! मग मी सूर सोडून पाऊसच शोधत बसलो. नाव न सांगता लावायला हवं होतंस.

मी : नाव ब्राम्सने दिलेलं नाही. त्याने छापलं ते फक्त सोनाटा म्हणून. पण तिसऱ्या भागाची सुरावट त्याच्याच एका गाण्यातली आहे. क्लाउस ग्रोट या कवीची कविता, तिला त्याने १८७३ मध्ये चाल लावली. पाऊस पडू लागला की लहानपणची स्वप्नं जागी होतात, अनवाणी पाय पाण्यात बुडवल्याचं आठवतं, असा त्या गाण्याचा आशय. त्यावरून हे नाव पडलं.

मामा : म्हणजे गाण्यातही पाऊस नाही. पावसामुळे काहीतरी आठवतंय, एवढंच आहे. आणि तुम्ही लोक पियानोच्या धावत्या सुरांना थेंब म्हणता.

मी : तिसऱ्या भागात पियानोचे सूर अखंड सांडत राहतात, ते मूळ गाण्याच्या साथीवरूनच आले आहेत. त्यांना थेंब म्हणणं चूक कसं?

मामा : इथे राहून बघ. थेंब शहरात दिसतात, तारेवर, खिडकीवर. कुरवंड्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस पडत नाही, तो नुसता असतो. मी या आवाजात व्हायोलिन लावतो तेव्हा खुंट्या फुगून अडकतात, गजाचे केस ओलीने लांबतात, जोड सुटायला लागतात. पाऊस म्हणजे माझ्यासाठी हे. तुझ्या ब्राम्सचा पाऊस फार मऊ आहे.

हे मामांनी बरोबर हेरलं होतं. ब्राम्सचा एक जवळचा मित्र होता थिओडोर बिलरोट, व्हिएन्नातला नामवंत शल्यचिकित्सक आणि हौशी वादक. १८७९ च्या जूनमध्ये सोनाटाची प्रत त्याला पाठवताना ब्राम्सने कळवलं होतं की ही रचना एकदापेक्षा जास्त वेळा वाजवण्याच्या लायकीची नाही, आणि त्या एकदासाठीही मनाची तयारी व्हायला एखादी छानशी, मऊ पावसाची संध्याकाळ हवी. या म्हणण्यातली पहिली गोष्ट त्याचा नेहमीचा विनय म्हणून सोडून द्यावी. दुसरीतला पाऊस मात्र प्योर्टशाखच्या कॅरिंथिया प्रांतातल्या उन्हाळ्यातला आहे. तिथे वर्षभरात पडणारा पाऊस आपल्या घाटमाथ्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास असेल. लोणावळ्याच्या आषाढात मऊ संध्याकाळ मिळणं अवघडच.

मामा : आमच्याकडे मल्हार आहे. मियाँ मल्हार गाताना दोन निषाद एकमेकांवर असे झुलतात की ढग गडगडल्याचा भास होतो. पण तो भास ऐकणाऱ्याचा. गवई ढगाची नक्कल करत नाही, निषाद लावतो. निषाद नीट लागला तर ढग आपोआप येतो, नाही लागला तर बंदिशीत किती का बादल-बिजली असेना, कोरडंच.

मी : मग इथे काय लागलं, ते सांगा. नाव विसरून.

मामांनी विचार करायला वेळ घेतला नाही. पहिला भाग एकदाच ऐकून त्यांनी नेमकी ती जागा पकडली होती, जी मला माझ्या शिक्षिकेने पेन्सिलीने खूण करून दाखवावी लागली होती.

मामा : पंचम. तुझा जी म्हणजे सा धरला तर व्हायोलिन येतं ते पंचमावर, आणि तोच पंचम तीनदा. पहिला लांब, दुसरा आखूड, तिसरा परत लांब. मग सूर खाली उतरतो. पियानो खाली नुसते आधार ठेवत जातो. पुढे काहीही झालं तरी ते तीन पंचम कुठून ना कुठून डोकावतात. आणि लय दादऱ्याच्या अंगाने चालली आहे, पण सम सापडत नाही. दोनदा मी चुकीच्या जागी मान हलवली.

मी : सहा मात्रांचं आवर्तन आहे, पण ब्राम्स त्याची विभागणी सतत बदलतो. कधी तीन-तीन, कधी दोन-दोन-दोन.

मामा : मधे तर मला वाटलं, झालं, परत पहिल्यापासून सुरू झालं. सुरावट पियानोकडे गेली आणि व्हायोलिन बोटांनी तारा छेडत बसलं. पण ते पहिल्यापासून नव्हतं.

मी : तिथे सगळेच फसतात. त्या काळच्या रिवाजाने पहिला हिस्सा जसाच्या तसा पुन्हा वाजवायचा असायचा. ब्राम्सने ती पुनरावृत्तीची खूण ठेवलेलीच नाही. पुनरावृत्ती सुरू झाल्याचा भास देऊन तो पुढच्या रानात घुसतो.

इथपर्यंत आमच्यात भांडणासारखं काही नव्हतं. वाद सुरू झाला तो दुसऱ्या भागाआधी, मी फेलिक्सचं नाव काढल्यावर.

फेलिक्स शुमान हा रॉबर्ट आणि क्लारा शुमान यांचा सर्वांत धाकटा मुलगा. तो ११ जून १८५४ रोजी जन्मला तेव्हा वडील मनोरुग्णांच्या इस्पितळात होते. तिथेच दोन वर्षांनी ते गेले. मेंडेल्सोनवरून मुलाचं नाव फेलिक्स ठेवलं. ब्राम्स तेव्हा एकवीस वर्षांचा होता, शुमान कुटुंबाच्या त्या काळोख्या दिवसांत क्लाराच्या पाठीशी उभा होता, आणि या मुलाचा धर्मपिता तोच झाला. फेलिक्स मोठा होऊन कविता करू लागला. त्यातल्या काहींना ब्राम्सने चाली लावल्या. तो व्हायोलिनही वाजवायचा. मग क्षयाने त्याला गाठलं. १६ फेब्रुवारी १८७९ रोजी फ्रांकफुर्टमध्ये तो गेला, पंचविशीसुद्धा न गाठता. सोनाटा तेव्हा अर्धाच लिहून झाला होता.

मामा : हे मला आता कशाला सांगतेस? पुढचा भाग ऐकताना मी त्या पोराकडे बघणार. क्षयाने गेलेलं पोर म्हटलं की कुणाच्याही डोळ्यांत पाणी येईल. त्यात ब्राम्सचं काय कर्तृत्व?

मी : मामा, तुमच्याच दुनियेतलं उदाहरण घ्या. प्रभाकर जोगांचं ‘गाणारं व्हायोलिन’. गीतरामायणाच्या कार्यक्रमांत बाबूजींना वर्षानुवर्षं साथ करणारा माणूस जेव्हा एकटा व्हायोलिनवर एखादं भावगीत वाजवायचा, तेव्हा सभागृहातला प्रत्येक जण मनात शब्द म्हणत असायचा. शब्द ठाऊक होते म्हणून तर ते व्हायोलिन गायचं. क्लाराला ते पाऊसगीत तसंच पाठ होतं. तिच्या फार आवडीचं होतं. आपल्याला ते ठाऊक नाही, म्हणून मी सांगते.

मामा : शब्द ठाऊक असणं वेगळं आणि कवीच्या घरात काय झालं हे ठाऊक असणं वेगळं. माडगूळकरांचे शब्द मला पाठ आहेत. ते लिहिताना त्यांच्या घरी कोण आजारी होतं, हे विचारायला मी कधी गेलो नाही.

याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. मी दुसरा भाग लावला. हा अडाजिओ ई फ्लॅटमध्ये आहे, म्हणजे पहिल्या भागाच्या कोमल धैवतालाच आता सा मानायचं. पियानो एकटाच सुरुवात करतो, भरदार आणि संथ. व्हायोलिन नंतर येतं. मधल्या हिस्स्यात सूर काळवंडतात आणि तीच लांब-आखूड चाल पाय ओढत निघालेल्या अंत्ययात्रेसारखी चालू लागते. मग पहिली सुरावट परतते, पण आता व्हायोलिन दोन तारांवर एकदम गज ओढून ती गातं, जणू पियानोचं भरदारपण त्याने स्वतःकडे घेतलं आहे. मामा ते दोन तारांचं वादन ऐकताना पुढे झुकले. बराच वेळ त्यांचा डावा हात मांडीवर बोटं टाकत होता.

मामा : हे वाजवणं सोपं नाही. दोन्ही तारा सुरात ठेवून गळ्यासारखं गायचं, आणि शेजारी पियानो. पियानोचे सूर ठोकून बसवलेले. त्याच्या गंधारात आणि व्हायोलिनच्या गंधारात केसाएवढा फरक राहणारच. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली, ती याच भांडणातून. मी पेटीच्या शेजारी बसून साथ केली आहे. पेटीकडे कान ठेवला तर हातातला सूर सुटतो.

मी : म्हणूनच सुरुवातीला व्हायोलिन गप्प आहे. आणि दोघं एकत्र आले की ब्राम्स सहसा एकाला गायला लावतो आणि दुसऱ्याला भोवतीने फिरवतो. एकच सुरावट दोघांनी एकदम घासायची वेळ फार कमी येते. शिवाय इथे साथीदार कुणीच नाही. मुखपृष्ठावर पियानोचं नाव आधी आहे, व्हायोलिनचं नंतर.

मामा : ते मान्य. साथ नाही ही. पण तो पियानो एकटा का सुरू झाला, हे मला कळलं नाही.

इथे मी ते पत्र काढलं. फेलिक्सच्या अखेरच्या दिवसांत, फेब्रुवारी १८७९ मध्ये ब्राम्सने क्लाराला पत्र लिहिलं आणि कागदाच्या मागच्या बाजूला या अडाजिओच्या सुरुवातीच्या चोवीस मापं (बार) लिहून पाठवली. सोबत एवढंच कळवलं की मागचं संथपणे वाजवून पाहिलंस तर तुझा आणि फेलिक्सचा, अगदी त्याच्या व्हायोलिनचासुद्धा, मी किती मनापासून विचार करतो आहे ते माझ्या बोलण्यापेक्षा बहुधा जास्त स्पष्ट कळेल. क्लारा पियानोवादक होती, युरोपातल्या थोर वादकांपैकी एक. घरी एकटी बसून ती वाजवणार ते पियानोवरच.

मी : तुम्ही म्हणता कवीच्या घरात डोकावू नये. पण इथे सूर हेच पत्र आहे. सांत्वनाचे शब्द सुचत नव्हते म्हणून त्याने स्वर लिहून टपालात टाकले.

मामा : मग ते पत्र तिला होतं, मला नव्हे.

मी : पण पुढे त्याने ते छापलं. जगाला दिलं.

मामा : छापताना त्यावर त्या मुलाचं नाव घातलं?

मी : नाही.

मामा : गाण्याचं नाव?

मी : तेही नाही.

मामा : आणि हे पत्र लोकांना कधीपासून ठाऊक आहे?

मी : छापील पत्रव्यवहारात ते नव्हतं. अभ्यासकांपुढे आलं ते १९८० च्या दशकात.

मामा : म्हणजे शंभर वर्षं लोकांनी हे पत्राशिवाय ऐकलं, जपलं, वाजवलं. ज्याने लिहिलं त्याने स्वतः पत्र बाजूला काढून ठेवलं आणि सूर तेवढे बाहेर पाठवले. त्याने जे झाकलं ते तू उघडून माझ्यापुढे ठेवतेस. का?

मला मामांचा हा युक्तिवाद त्या दिवशीचा सर्वांत बळकट वाटला, आणि अजून वाटतो. ब्राम्स स्वतःबद्दल कमालीचा झाकून राहणारा माणूस होता. न पटलेली हस्तलिखितं तो जाळून टाकायचा. या पहिल्या छापील सोनाटाच्या आधीचे व्हायोलिन सोनाटाचे त्याचे प्रयत्न त्याने असेच नष्ट केले. अशा माणसाच्या खासगी कागदाचा आधार घेऊन त्याचं संगीत समजावणं म्हणजे त्याच्या इच्छेवर पाय देणं आहे. पण तिसरा भाग मला तिथे थांबू देत नाही.

मी : मी उघडत नाही, मामा. तोच उघडतो. आता ऐका.

तिसरा भाग जी मायनरमध्ये सुरू होतो. पुन्हा तेच तीन पंचम, पुन्हा लांब-आखूड-लांब, पण आता खाली कोमल गंधार आहे आणि पियानोचे सूर धावताहेत. इथे ते पाऊसगीत खुलेपणाने येतं, व्हायोलिनच्या गळ्यातून. पहिल्या भागातले पंचम याच गाण्यातून उचललेले होते, हे ऐकणाऱ्याला आता कळतं. म्हणजे सगळा सोनाटा या गाण्याकडेच चालला होता. आणि मग भागाच्या मध्यावर, काही न सांगता, अडाजिओची सुरावट ई फ्लॅटमध्ये परत उभी राहते. पावसाच्या गाण्यात फेलिक्सचं पान येऊन मिळतं.

मामा : आली. तीच.

मी : कळली ना?

मामा : मला कळायला पत्र लागलं नाही. मघाची चीज नव्या लयीत परत आली, एवढं कान सांगतो. एखादा जुना ओळखीचा माणूस गर्दीत दिसावा तसं झालं. तो कोण, कुठला, हे नंतर.

मी : पण ती इथेच का यावी? संपूर्ण सोनाटात ब्राम्स मधल्या भागाला शेवटच्या भागात एवढ्यासाठीच बोलावतो की...

मामा : कशासाठी बोलावतो हे तू सांगू नकोस. कळेल त्याला कळेल.

मामी मघापासून चुलीपाशी होत्या. दिवसभर आवणीला वाकून आल्या होत्या; इरलं दारात निथळत होतं. त्या पवनमावळातल्या. लहानपणी पहाटे आईबरोबर जात्यावर बसलेल्या. ब्राम्सशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं, पण चाल आणि शब्द यांवर आम्ही एवढा वेळ घालवतोय हे त्यांना नवल वाटलं असावं.

मामी : जात्यावर चाल एकच असायची. आई तीच, आजी तीच, शेजारीण तीच. शब्द ज्याचे त्याचे. माझी मावशी तिच्या गेलेल्या लेकाचं गायची, माझी आई माहेरचं गायची. चाल ऐकली की बाहेरून कळायचं नाही कोण कशाचं गातंय. जवळ बसलं तर कळायचं.

हे कुठल्याही संगीतशास्त्राच्या पुस्तकात सापडेल त्यापेक्षा नेमकं होतं. याच मावळ-मुळशीच्या गावांतून गी पॉइटवॅं आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. सहकारी बायकांच्या आणि कार्यकर्त्यांच्या मदतीने तो संग्रह पुढे राज्यभर पसरला आणि एक लाखाहून अधिक ओव्यांचा झाला. गिरण्या आल्या, जाती थांबली, पण ओव्या उरल्या. त्या संग्रहात लेकराच्या मरणावरच्या ओव्या आहेत, आणि मुलाच्या लग्नावरच्याही, आणि त्या एकाच चालीवर गाता येतात. चाल कुणाच्या दुःखाची नसते, म्हणून ती कुणाच्याही दुःखाला चालते. मला हे ऐकून ब्राम्सच्या बाबतीत मघापासून राहून गेलेली एक गोष्ट आठवली, जी मी मामांना सांगितलीच नव्हती.

मी : मामा, त्या गाण्याच्या चालीवर ब्राम्सने एक नाही, दोन गाणी लिहिली आहेत. ओपस ५९ मध्ये ती लागोपाठ आहेत. कवी तोच, ग्रोट. पहिलं लांबलचक, लहानपणच्या पावसाचं. दुसरं छोटंसं: झाडांवरून थेंब गवतात पडताहेत आणि रडणाऱ्याचे गाल ओले होताहेत. ‘नाखक्लांग’ त्याचं नाव. चाल तीच.

मामा : मग सोनाटात कुठलं आहे? लहानपणाचं की रडण्याचं?

मी : शब्दच नाहीत, त्यामुळे दोन्ही.

मामा : हे मला पटलं. हे तू आधी सांगायला हवं होतंस. पत्राच्या आधी.

मामींच्या बोलण्याने मामांची बाजू बळकट झाली असं वरवर वाटेल, पण माझ्या मते त्याने माझीही झाली. चाल कुणाचीही असते हे खरं. जवळ बसलं तर कोण काय गातंय ते कळतं, हेही तितकंच खरं. क्लारा जवळ बसलेली होती. १८७९ च्या उन्हाळ्यात सोनाटा हातात आला आणि तिने तो वाजवून पाहिला, तेव्हा तिसऱ्या भागात आपलं आवडतं गाणं ओळखून ती आनंदाने रडली, असं तिने ब्राम्सला कळवलं. इथून पलीकडे जाताना हा शेवटचा भाग आपल्या सोबतीला असावा, अशी इच्छाही तिने व्यक्त केली. मुलाला गमावून सहा महिनेही झाले नव्हते. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये बॉनला सोनाटा पहिल्यांदा लोकांपुढे वाजला तेव्हा सभागृहातल्या कुणाला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि तरीही त्यांना ऐकू आलं. दोन्ही श्रोते खरे. मामांना बॉनच्या सभागृहात बसायचं आहे. मला क्लाराच्या पियानोशेजारी बसायचं आहे, आणि माझ्या विद्यार्थ्यांनाही तिथेच बसवायचं आहे, कारण अडाजिओ किती संथ वाजवायचा हे मला त्या पत्राने शिकवलं, कुठल्याही मेट्रोनोमने नाही.

मामांचं अजून एक शिल्लक होतं, आणि ते पूर्णपणे सुरांचं होतं.

मामा : शेवट. कोमल गंधारावरून सुरू झालं आणि अखेरीला शुद्ध गंधारावर आलं. मी दचकलो. आमच्याकडे गंधार बदलला की राग बदलतो.

मी : जयजयवंतीत दोन्ही गंधार असतात.

मामा : असतात, पण ज्याच्या त्याच्या जागी. इथे आख्खा कोमल काढून शुद्ध आणलाय. पण मग मला वाटलं, पावसाच्या बाबतीत आम्हीही तेच करतो. मियाँ मल्हारात गंधार कोमल, गौड मल्हारात शुद्ध. आमच्याकडे पाऊस दोन्ही गंधारांत पडतो.

मी : फरक एवढाच की तुमचे ते दोन राग आहेत, दोन मैफिली. ब्राम्स एकाच भागात एका गंधारातून दुसऱ्यात जातो, आणि मधे अडाजिओची सुरावट येऊन गेल्याशिवाय त्याला तो शुद्ध गंधार मिळत नाही.

मामा : म्हणजे शेवटी दुःख सरलं असं म्हणायचं आहे तुला?

मी : नाही. शेवट गोड आहे पण मोठ्याने कुठेही म्हटलेला नाही. वाजवणारे कित्येकदा इथे वेग वाढवतात, टाळ्यांसाठी. ब्राम्सने उलट लिहून ठेवलंय, अजून सावकाश.

मामा : मग वाजवून दाखव. ऐकून फार झालं. तुझा तो कीबोर्ड आण. अडाजिओ तू सुरू कर, पियानो एकटा आहे तेवढा, आणि व्हायोलिन येतं तिथे मी येतो. त्या तीन पंचमांतला मधला आखूड सूर या सगळ्या वाजवणाऱ्यांनी फार जड घेतलाय, तो जवळजवळ गजाच्या वळणातच निघून गेला पाहिजे. फक्त मला तारा उतरवायला वेळ दे. माझं व्हायोलिन सा-पला लावलेलं आहे, ते तुमच्या जी-डी-ए-ईवर आणायचं, आणि या ओलीत खुंट्या हलतील तर शपथ. पत्र मात्र बाजूला ठेव, आधी एकदा त्याच्याशिवाय.